बिजवर

मराठीत एक शब्द होता, आता तो जवळजवळ वापरातून गेला आहे : बिजवर. पहिली पत्नी वारल्यानंतर दुसऱ्यांदा बोहल्यावर चढणारा पुरुष म्हणजे बिजवर. शब्दात निंदा नाही, दयाही नाही. स्थळ सांगताना 'मुलगा बिजवर आहे, पण घर चांगले आहे' एवढाच त्याचा उपयोग. त्याच्या जोडीला स्त्रीसाठी असा शब्द शोधू गेल्यास अनेक जातींत पाट सापडतो, मोहतूर सापडते. परंतु ब्राह्मण आणि त्यांचे अनुकरण करणाऱ्या जातींत काहीही सापडत नाही. तिथे पती गेलेल्या स्त्रीसाठी जे शब्द होते, त्यांतील बहुतेक आज शिव्या म्हणून ओळखले जातात.

एकोणिसाव्या शतकातल्या महाराष्ट्रातील सुधारणेचा इतिहास सहसा ग्रंथ, सभा, कायदे आणि वृत्तपत्री वाद यांच्या आधारे सांगितला जातो. तो या एका शब्दाच्या आधारेही सांगता येतो. कारण त्या काळातील अनेक नामवंत सुधारकांवर एक प्रसंग अगदी ठरवून यावा तसा आला : ते स्वतः विधुर झाले. विधवांच्या दुःखावर बोलणाऱ्या माणसासमोर आता त्याची स्वतःची सवलत उभी होती. ती घ्यायची की नाकारायची?

ही सवलत नेमकी किती मोठी होती, हे समजण्यासाठी त्या काळचे साधे गणित मांडावे लागते. मुलीचे लग्न ऋतुप्राप्तीपूर्वी झालेच पाहिजे, असा उच्चवर्णीयांत दंडक होता. त्यामुळे बारा वर्षांपुढची अविवाहित मुलगी समाजात जवळजवळ नसेच. बारापुढच्या सगळ्या एक तर सवाष्ण किंवा विधवा. विधवेशी लग्न निषिद्ध. म्हणजे तीस, चाळीस किंवा पन्नास वर्षांच्या विधुराला लग्न करायचे असेल, तर वधू नऊ-दहा-अकरा वर्षांचीच मिळणार. त्याने मनात आणले तरी समवयस्क कुमारिका त्याला मिळणे शक्य नव्हते. आणि नवरा तीस वर्षांनी मोठा असला, म्हणजे ती मुलगी ऐन उमेदीत विधवा होण्याचा संभव आलाच. प्रत्येक बिजवर अशा रीतीने उद्याची एक विधवा घडवून ठेवत होता. बालविवाह, बिजवराचे लग्न आणि सक्तीचे वैधव्य या तीन वेगळ्या रूढी नव्हत्या. एकाच रहाटाचे ते तीन दात होते.

१८५६ साली विधवाविवाहाला कायद्याची मान्यता मिळाली. परंतु त्याच कायद्याने पुनर्विवाह करणाऱ्या स्त्रीचा पहिल्या पतीच्या मालमत्तेवरील हक्क संपुष्टात आणला. बिजवराने दुसरे लग्न केले म्हणून त्याच्या मालकीतून एक पितळी भांडेही कमी झाले नाही.

महाराष्ट्रात या कायद्याचा पाठपुरावा केला तो विष्णुशास्त्री पंडित यांनी. ते १८२७ साली वाईजवळच्या बावधन गावी जन्मले. शास्त्राध्ययन केलेला हा माणूस 'इंदुप्रकाश'च्या मराठी बाजूचा संपादक होता. ईश्वरचंद्र विद्यासागरांच्या विधवाविवाहावरील ग्रंथाचा त्यांनी मराठीत अनुवाद केला आणि पुनर्विवाहाला उत्तेजन देणारे मंडळ स्थापन केले. १५ जून १८६९ रोजी मुंबईत वेणूबाई आणि पांडुरंगपंत करमरकर यांचा पुनर्विवाह या मंडळींनी घडवून आणला. शंकराचार्यांचा बहिष्कार आला. पुढच्या वर्षी पुण्यात शास्त्रार्थाचा वाद झाला. याच मंडळींत एक तरुण, अत्यंत बुद्धिमान पदवीधर होता : महादेव गोविंद रानडे.

१८७३ साली रानडे पुण्यात न्यायखात्यात होते. वय बत्तिसाव्यात. त्या वर्षी त्यांची पत्नी सखूबाई क्षयाने वारली. आता रानडे विधवेशी विवाह करणार, असे मुंबईच्या मित्रांनी गृहीत धरले, आणि नेमकी हीच भीती त्यांचे वडील गोविंदराव यांना वाटली.

पुढे काय घडले, हे रमाबाई रानडे यांनी 'आमच्या आयुष्यातील काही आठवणी' या पुस्तकात लिहून ठेवले आहे. हे पुस्तक १९१० साली, रानड्यांच्या मृत्यूनंतर नऊ वर्षांनी प्रसिद्ध झाले. मराठी आत्मचरित्रांत त्याचे स्थान फार वरचे आहे. मात्र ते पतिभक्तीचे पुस्तक म्हणूनच वाचायची सवय लागल्याने त्यातील तपशिलांची धार पुष्कळांच्या ध्यानात येत नाही.

गोविंदरावांनी घाई केली. मुलगी पाहिली ती कुर्लेकरांची, सांगलीकडच्या देवराष्ट्रे गावची. वय अकरा. रानड्यांनी आधी लग्नालाच नकार दिला. त्या संवादात त्यांनी वडिलांपुढे जो मुद्दा मांडला, तो या साऱ्या विषयाचे मर्म आहे. त्यांची धाकटी बहीण दुर्गा लहान वयातच विधवा होऊन घरात बसली होती. मुलीच्या उभ्या आयुष्याची चिंता कोणाला वाटत नाही, आणि बत्तिशीच्या मुलाने एकटे राहू नये याची मात्र एवढी काळजी, हे कसे? एकाच घरातली ही दोन भावंडे, दोघांचाही जोडीदार गेलेला; एकासाठी स्थळे पाहिली जात होती आणि दुसरीचा विषयही कोणी काढत नव्हता. रानड्यांना ही विषमता पुस्तकातून कळली नव्हती, ती रोज घरात वावरताना दिसत होती.

म्हणजे आकलनात काहीही उणे नव्हते. नंतर अनेकांनी रानड्यांचा बचाव करताना काळाकडे बोट दाखवले आहे. तेव्हाच्या माणसाला एवढे कसे सुचणार, असा त्याचा सूर असतो. हा बचाव टिकत नाही. त्यांना सुचले होते, आणि ते त्यांनी बोलूनही दाखवले होते.

वडिलांनी अखेरचे अस्त्र काढले. ऐकणार नसशील तर आपण करवीरला निघून जातो आणि आपला संबंध संपला, असे त्यांनी सांगितले. मुलीचे वडील अण्णासाहेब कुर्लेकर भेटायला आले तेव्हा रानड्यांनी त्यांनाही परावृत्त करून पाहिले : आपण पुनर्विवाहाच्या पक्षाचे आहोत, आपले डोळे आणि कान अधू आहेत, विलायतेला जायचा विचार आहे आणि परतल्यावर प्रायश्चित्त घेणार नाही, असे सांगून. पण लग्नासाठी घराबाहेर काढलेली मुलगी कुमारिका म्हणून परत नेणे ही मुलीच्या बापाला नामुष्कीच. डिसेंबर १८७३ मध्ये लग्न झाले. त्या रात्री वराने वधूला तिला लिहिता-वाचता येते का, हे विचारले. येत नव्हते. धडे लगेच सुरू झाले.

पुण्या-मुंबईत टीकेचा भडिमार झाला. 'बोलके सुधारक' हा शिक्का रानड्यांवर जो बसला तो कायमचा. त्यांनी जाहीर उत्तर दिले नाही. उरलेल्या आयुष्यात त्यांनी स्त्रीशिक्षणासाठी, संमतिवयासाठी, सामाजिक परिषदेसाठी जे श्रम केले त्याला तोड नाही, आणि रमाबाई पुढे सेवासदनाच्या आधारस्तंभ झाल्या हेही खरेच. परंतु त्या श्रमांनी १८७३ची बाकी फिटते का, हा प्रश्न इतिहासाने विचारायचा आणि तसाच ठेवायचा.

त्याहून अधिक बोलका भाग लग्नानंतरचा आहे. रानडे पत्नीला शिकवत होते. त्याची किंमत मात्र पत्नी घरातल्या बायकांत चुकवत होती. १८८२ साली पंडिता रमाबाई पुण्यात आल्या, आर्य महिला समाजाच्या सभा भरू लागल्या. तरुण रमाबाई तिथे जाऊ लागल्या तशी सासरच्या वडीलधाऱ्या स्त्रियांची बोलणी वाढली, कामात वेगळे पाडणे सुरू झाले. रानडे सहनशीलतेचा उपदेश करीत. वडीलधाऱ्यांना उलट बोलू नये, असे सांगत. उपदेश करणारे कोर्टात जात, वाचनात रमत, सभांना जात. सोसणारी घरातच असे. सुधारणेचा निर्णय एकाचा आणि तिचा रोजचा जाच दुसरीला, ही वाटणी त्या काळच्या कितीतरी सुधारक घरांत दिसते. ती पाहण्यासाठी सुधारकांची भाषणे उपयोगी पडत नाहीत. त्यांच्या बायकांच्या आठवणी वाचाव्या लागतात.

विष्णुशास्त्र्यांवरही तोच प्रसंग आला. पहिली पत्नी गेल्यावर त्यांनी विधवेशी विवाह केला. त्यांच्या विरोधकांनी त्यांना अनेक दूषणे दिली, परंतु 'बोलके' हे विशेषण त्यांना कोणाला लावता आले नाही. १८७६ साली ते वारले. आज त्यांचे नाव किती जणांना माहीत आहे, हा भाग निराळा.

तिसऱ्या बिजवराची कथा चित्रपटामुळे आणि कादंबरीमुळे सर्वांना ठाऊक आहे, निदान ठाऊक आहे असे वाटते. पोस्टखात्यातले गोपाळराव जोशी यांनी १८७४ साली कल्याणच्या यमुनेशी दुसरे लग्न केले तेव्हा ती नऊ वर्षांची होती. तिला शिकवीन ही त्यांची अट होती, आणि ती त्यांनी पाळली. कशी पाळली, हे खुद्द आनंदीबाईंनी अमेरिकेतून त्यांना लिहिलेल्या एका पत्रात सांगितले आहे : कोवळ्या वयात लाकडाने मारणे, खुर्च्या आणि पुस्तके फेकून मारणे, सोडून जाण्याची धमकी देणे, सगळ्याची वयानिशी नोंद आहे. त्या पत्राची शांतता अंगावर येते. नवऱ्याची वागणूक चांगली की वाईट, याचा निवाडा त्या न्यायाधीशासारखा करतात : साध्याच्या दृष्टीने पाहिले तर ती योग्य ठरेल, पण मुलाच्या मनावर होणाऱ्या परिणामाच्या दृष्टीने ती चूकच म्हणावी लागेल. ११ मार्च १८८६ रोजी त्या फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या. वय अजून बावीसही पूर्ण झाले नव्हते.

गोपाळरावांनी रूढीची एक साखळी तोडली, यात वाद नाही. परंतु पत्नीने काय व्हावे, हे ठरवण्याचा नवऱ्याचा अधिकार त्यांनी तोडला नाही. तोच अधिकार त्यांनी उलट्या दिशेने वापरला. शेजारच्या घरात बायको अभ्यास करते म्हणून मार खात असेल. या घरात ती अभ्यास करीत नाही म्हणून खात होती.

इथवर बोलणारे सगळे पुरुष आहेत. स्त्रियांच्या दुःखावर पुरुषांनी पुरुषांशी घातलेला तो वाद होता. शास्त्रार्थ, कायदा, लोकलज्जा आणि देशाची उन्नती हे त्याचे विषय होते. १८८२ साली बुलढाण्याच्या एका स्त्रीने या वादाची दिशाच बदलून टाकली.

आदल्या वर्षी सुरतेत विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेवर भ्रूणहत्येचा खटला झाला होता. तिला फाशीची शिक्षा झाली, ती अपिलात सौम्य करण्यात आली. वृत्तपत्रांना विषय मिळाला. स्त्रियांचे शील किती ढासळले आहे, याची चर्चा सुरू झाली आणि 'पुणेवैभव'सारख्या पत्रांनी तीत हिरिरीने भाग घेतला. त्या विधवेला गर्भ राहिला कोणापासून, हा प्रश्न या चर्चेत नव्हता. बापूजी हरी शिंदे यांची कन्या ताराबाई यांनी तो विचारला. 'स्त्रीपुरुष तुलना' हे त्यांचे पुस्तक पुण्यात छापले गेले. पाचशे प्रती, किंमत नऊ आणे.

ताराबाईंच्या मांडणीचे वैशिष्ट्य असे की त्या दयेची याचना करीत नाहीत. त्या एकेक दुर्गुण घेतात, जो स्त्रियांच्या माथी मारला जातो, आणि तो पुरुषांच्या शेजारी ठेवून दोन्ही पारडी पाहतात. साहस कोणात अधिक? कपट कोणात? अविचार कोणात? बिजवराचा मुद्दा तर त्यांनी असा काही पकडला आहे की वाचणाऱ्याला हसू येऊन लगेच शरमही वाटावी. बायको गेल्यावर दहाव्याच दिवशी दुसरीचा विचार करणाऱ्या पुरुषांना त्या विचारतात की नवरा गेला म्हणून स्त्रीने केस द्यायचे असतील, तर बायको गेलेल्या पुरुषांनी मिशा उतरवून रानात का राहू नये? शास्त्रे कोणी लिहिली आणि कोणाच्या सोयीने लिहिली, हेही त्या विचारायला कचरत नाहीत.

पुस्तकावर टीका झाली, हे अपेक्षितच. परंतु ती सनातन्यांकडून झाली तशी सत्यशोधक मंडळींतूनही झाली. ब्राह्मणी वर्चस्वाविरुद्ध लढणाऱ्या, विषमता म्हणजे काय हे अंगावर सोसलेल्या पुरुषांनाही बाईने आपल्याला असे बोल लावावे, हे रुचले नाही. जोतीराव फुल्यांची भूमिका इथे महत्त्वाची ठरते. १८८५ साली त्यांनी 'सत्सार' ही पुस्तिका काढली, तिच्या दुसऱ्या अंकात त्यांनी ताराबाईंची बाजू उघडपणे घेतली आणि आपल्याच सहकाऱ्यांचे कान उपटले. विरोधकांना सुनावण्यापेक्षा आपल्या माणसांना सुनावणे नेहमीच अवघड असते. चळवळीला तडा जाईल, हे कारण सदैव हाताशी असते. जोतीरावांनी ते पुढे केले नाही.

जोतीराव तरी या ठिकाणी एका उडीत पोहोचले नव्हते. १८४८ साली भिडेवाड्यात मुलींची शाळा काढली, त्या सुरुवातीच्या काळात त्यांच्या विवेचनात आईमुळे मुलांची सुधारणा होते हा विचार पुढे होता. त्या काळच्या बहुतेक सुधारकांचाही तोच होता. त्यात स्त्री शिकायची ती कोणाच्या तरी उपयोगासाठी. पुढच्या चाळीस वर्षांत ते या विचाराच्या फार पलीकडे गेले. १८६३ साली त्यांनी विधवांच्या बाळंतपणासाठी बालहत्या प्रतिबंधक गृह काढले आणि सावित्रीबाईंनी ते सांभाळले. तिथे जन्मलेल्या एका ब्राह्मण विधवेच्या मुलाला या जोडप्याने दत्तक घेतले. तोच पुढे डॉक्टर झालेला यशवंत. त्या घरात आलेल्या विधवांची हकिकत ऐकल्यावर पुरुषांच्या जबाबदारीकडे कानाडोळा करणे कोणालाही कठीणच गेले असते.

जोतीराव विधुर नव्हते, पण सवलत त्यांच्याही दारी आली होती. मूल नव्हते, आणि निपुत्रिक पुरुषाने दुसरी बायको करावी ही सर्वमान्य रीत. नातेवाइकांचा आग्रह त्यांनी मानला नाही. त्यामागचा युक्तिवाद त्यांच्या मृत्यूनंतर, १८९१ साली प्रसिद्ध झालेल्या 'सार्वजनिक सत्यधर्म पुस्तका'त वाचायला मिळतो : पुरुष दोन बायका घरात आणतो, तसे एखाद्या स्त्रीने दोन नवरे घरात आणून ठेवले तर पुरुषांना ते कसे वाटेल? याच ग्रंथात ते 'मनुष्य' किंवा 'मानव' म्हणून थांबत नाहीत. पुनःपुन्हा, कंटाळा येईपर्यंत, 'स्त्री-पुरुष' असे लिहितात. पक्षाघाताने उजवा हात निकामी झालेल्या माणसाने डाव्या हाताने लिहिलेला हा ग्रंथ आहे. त्यात प्रत्येक ठिकाणी एक जादा शब्द लिहिण्याचे श्रम त्यांनी घेतले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

याच सुमाराची एक घटना पुष्कळदा ओझरती सांगितली जाते. १८९० साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईत न्हाव्यांनी सभा भरवून विधवांचे केशवपन न करण्याचा ठराव केला. सुधारक केशवपनाविरुद्ध लेख लिहीत होते, सनातनी त्याच्या समर्थनार्थ वचने शोधत होते. प्रत्यक्ष वस्तरा मात्र तिसऱ्याच कोणाच्या तरी हातात होता. त्या हातांच्या मालकांनी, जे समाजाच्या उतरंडीत खालच्या पायरीवर होते आणि या कामावर ज्यांची मिळकत होती, आपला यातला वाटा ओळखला. त्या एका सभेने प्रथा थांबली नाही. पण एवढा नेमका विचार फार थोड्या सुशिक्षितांनी केला होता.

आता चौथा बिजवर. धोंडो केशव कर्वे, कोकणातल्या मुरूडचे. पहिले लग्न पंधराव्या वर्षाच्या आत झालेले, पत्नी राधाबाई. कर्वे मुंबईत शिकवण्या करून घर चालवीत आणि नरहरपंत जोशी या मित्राबरोबर एकत्र बिऱ्हाड करून राहत. नरहरपंतांची बहीण गोदूबाई बालविधवा होती. तीही काही काळ त्या बिऱ्हाडात होती. ११ मार्च १८८९ रोजी पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदासदन उघडले, तेव्हा गोदूबाई तिथली पहिली विधवा विद्यार्थिनी झाली. १८९१ साली राधाबाई वारल्या. त्याच वर्षी कर्वे फर्ग्युसन महाविद्यालयात गणित शिकवण्यासाठी पुण्यात आले.

स्थळे सांगून येऊ लागली. गणिताचा प्राध्यापक, वय तेहतीस, एक मुलगा. बिजवर म्हणून उत्तमच. मुली अर्थातच राधाबाईंच्या रघुनाथापेक्षा फार मोठ्या नव्हत्या. तो नऊ वर्षांचा होता. कर्व्यांनी निश्चय केला की लग्न करायचे तर विधवेशीच, नाहीतर नाही. रानड्यांची वीस वर्षांपूर्वीची गोष्ट पुण्यात कोणाला ठाऊक नव्हती? बोलके सुधारक होण्यापेक्षा गप्प राहिलेले बरे, हा धडा त्या पिढीने चांगलाच गिरवला होता. गोदूबाईंना विचारण्यात आले. त्या तेव्हा सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांच्या, शिकणाऱ्या, स्वतःचे मत असणाऱ्या होत्या; त्यांचा होकार म्हणजे अकरा वर्षांच्या मुलीला उचलून पाटावर बसवणे नव्हे. ११ मार्च १८९३ रोजी पुण्यात लग्न झाले. गोदूबाईंच्या आनंदीबाई झाल्या. पुढे सगळे त्यांना बाया म्हणत. आनंदीबाई जोशींची पदवी, शारदासदनाची स्थापना आणि हा विवाह, तिन्ही ११ मार्चला; पंचांगवाल्यांनी विचार करावा असा योगायोग आहे.

पुण्यात गवगवा झाला, पण नोकरीला धक्का लागला नाही. फर्ग्युसनचे प्राचार्य तेव्हा गोपाळ गणेश आगरकर होते. मुरूडने मात्र सूड घेतला. ज्या गावासाठी कर्व्यांनी 'मुरूड फंड' उभारला होता, त्याच गावाने बहिष्काराचा ठराव केला. घरच्यांनी या जोडप्याला थारा दिला तर तेही वाळीत पडणार होते. आई आणि भाऊ जवळ असून परके झाले.

इथे कथा संपवली तर ती फार सोयीची होईल. पुष्कळ ठिकाणी ती इथेच संपवलीही जाते : रानडे चुकले, कर्वे जिंकले. बायांचे 'माझे पुराण' वाचल्यावर तसे करवत नाही.

१८९६ साली कर्व्यांनी अनाथ बालिकाश्रम काढला. विधवांना शिकवायचे, पायावर उभे करायचे. लोक मुली पाठवतील आणि वर्गणी देतील, तर आश्रमाचा पुनर्विवाहाशी संबंध नाही अशी खात्री त्यांना हवी होती. ती कर्व्यांनी दिली. आश्रमातून पुनर्विवाहाचा प्रचार होणार नाही, असे धोरण ठरले. याचा अर्थ असा झाला की पुनर्विवाह केलेली बायको आश्रमापासून दूरच ठेवावी लागली. हिंगण्याच्या माळावर झोपडी उभी राहिली. कर्वे महाविद्यालयाचे तास आटोपून पायी तिकडे जात, रात्री मुलींना शिकवीत. बाया आणि मुले पुण्यात. बायांची सख्खी बहीण पार्वतीबाई आठवले ही केशवपन केलेली विधवा आश्रमात येऊन त्याचा आधारस्तंभ झाली, गावोगाव फिरून निधी जमवू लागली; आणि ज्या स्त्रीशी लग्न करून कर्व्यांनी आपली निष्ठा सिद्ध केली होती, तिला त्या कामात जागा नव्हती.

पैशाचेही तेच. आयुष्यभराची शिल्लक, विम्याची पॉलिसी, सगळे कर्व्यांनी आश्रमाला दिले. त्यागाची ही कथा शाळेच्या पुस्तकांत असते. बायांनी या त्यागाची दुसरी बाजू लिहिली आहे : घरात चार तोंडे होती, उद्या काही बरेवाईट झाले तर काय, हे विचारले गेले नाही. पहिल्या वैधव्यात जिच्या मालकीचे काहीच नव्हते, तिला दुसऱ्या संसारातही आपल्या नावाचे काही राहील की नाही याची धास्ती वाटावी, यात नवल नव्हते. बाया भांडल्या, रागावल्या, आणि संसार आपल्या हिमतीने ओढत राहिल्या. पुढे आश्रमासाठी आणि विद्यापीठासाठी घरोघर जाऊन वर्गणीही त्यांनी गोळा केली.

कर्व्यांचा मोठेपणा याने उणावतो असे नाही. एवढेच दिसते की बिजवराची सवलत नाकारणे हे एका दिवसाचे, एका मुहूर्ताचे काम होते, आणि ते त्यांनी निर्धाराने केले. घराच्या पैशावर, वेळेवर, धोरणावर शब्द नवऱ्याचा चालायचा, ही दुसरी सवलत इतकी रोजची होती की ती सवलत म्हणून त्यांच्या नजरेसच पडली नाही. ती बायांच्या नजरेस पडली, कारण तिचा भार त्यांच्यावर होता.

राधाबाईंचा रघुनाथ बापाच्या लग्नाच्या वेळी अकरा वर्षांचा होता. पुढे तोही गणिताचाच प्राध्यापक झाला. १९२१ साली त्याने मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले, या कामापायी नोकरी गमावली, आणि जुलै १९२७ पासून 'समाजस्वास्थ्य' मासिक काढून स्त्रीच्या शरीरावर तिचाच अधिकार असल्याचे पुण्या-मुंबईच्या सभ्य गृहस्थांना महिन्याच्या महिन्याला सुनावले. मूल नको असेल तर बायकोच्या जिवाशी खेळ कशाला, म्हणून नसबंदीची शस्त्रक्रिया त्याने स्वतःवर करून घेतली. १९५३ साली त्याच्या मृत्यूबरोबर मासिकही संपले.

'माझे पुराण' १९४४ साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी, शहाऐंशीव्या वर्षी, धोंडो केशव कर्व्यांनी समता संघ स्थापन केला. बाया १९५० साली गेल्या. कर्व्यांना १९५८ साली भारतरत्न मिळाले, तेव्हा त्यांनी शंभरी गाठली होती. ताराबाई शिंद्यांच्या पुस्तकाच्या पाचशे प्रती मात्र कधीच विस्मृतीत गेल्या होत्या. स. गं. मालशे यांनी ते शोधून १९७५ साली पुन्हा छापले, तोवर त्र्याण्णव वर्षे उलटली होती.